फोर बाय फोर गाडीला बर्फात चेन लागते का, आणि कोणत्या चाकांना?

विट्याहून प्रश्न आला आहे. गाडी थार, फोर बाय फोर. जानेवारीच्या मध्यावर चौघे जण मनालीवरून अटल बोगद्यातून सिस्सू-केलाँगकडे निघालेत. ‘फोर बाय फोर असल्यावर चेन कशाला? पोलीस अडवतात का? आणि घ्यायचीच तर पुढच्या चाकांना की मागच्या?’ शिवाय त्यांची मुलगी कॅलिफोर्नियात असते, ती ऑल व्हील ड्राइव्ह गाडीने, म्हणजे लिव्हरशिवाय आपोआप चारही चाकांना ताकद पोचवणाऱ्या कारने, टाहो तलावाकडे जाणार आहे. तिकडचे नियम काय, हेही विचारलंय.

आधी सरळ उत्तर. चेन, म्हणजे बर्फात पकडीसाठी टायरवर चढवायची साखळ्यांची जाळी, घ्या. ती सतत चाकावर हवी असं नाही, पण गाडीत हवीच, आणि ती बसवायचा सराव साताऱ्या-सांगलीतून निघण्याआधी झालेला हवा. थारला एकच जोडी असेल तर मागच्या चाकांना. ऐपत आणि जागा असेल तर दोन जोड्या, चारही चाकांना. बोगद्याच्या बाजूला पोलीस अडवतात, आणि ते योग्यच करतात.

आता कारण. फोर बाय फोर म्हणजे इंजिनची ताकद चारही चाकांना पोचते. त्यामुळे गाडी जागेवरून हलते, चढ चढते. ब्रेक मात्र साध्या अल्टोलाही चारही चाकांना असतात. म्हणजे थांबायच्या बाबतीत फोर बाय फोरला वेगळं काहीच मिळालेलं नाही, उलट गाडी जड. थांबणं ठरतं ते टायर आणि रस्ता यांच्यात किती पकड आहे त्यावर.

हिशेब करून बघा. ताशी ३० किलोमीटर वेगाला ब्रेक दाबला तर कोरड्या डांबरावर गाडी साधारण ५ मीटरमध्ये थांबते. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर पकड एवढी कमी होते की तीच गाडी १७-१८ मीटर घेते. आणि काचेसारख्या गोठलेल्या थरावर, ज्याला तिकडचे ड्रायव्हर ब्लॅक आइस म्हणतात, ३५ मीटरच्या आसपास. हे सगळं सपाटीवर. घाटरस्त्याला सर्रास असतो तसा १०० मीटरला ६ मीटर उतार धरला, तर त्या काचेवर ३५ चे जवळजवळ ९० मीटर होतात. उतार १०० ला १० झाला की गणितच संपतं, गाडी थांबत नाही. ब्रेक पायाखाली पूर्ण दाबलेला, चाकं अडकलेली, आणि गाडी खाली जातेच आहे. उसाची भरलेली ट्रॉली उतारावर ट्रॅक्टरला कशी रेटते ते आपल्याकडे सगळ्यांनी पाहिलंय. इथे गाडीचं स्वतःचं वजनच ती ट्रॉली असते.

फोर बाय फोरचा खरा धोका इथेच आहे. टू व्हील ड्राइव्ह गाडी चढालाच अडते, चाक जागेवर फिरतं, ड्रायव्हर मुकाट मागे फिरतो. फोर बाय फोर मात्र आरामात वर जाते. रस्ता किती निसरडा आहे हे ड्रायव्हरला कळतच नाही, कळतं ते पलीकडे उतरताना. चढायला फोर बाय फोर पुरते. चेन घ्यायची ती उतरण्यासाठी आणि वळणासाठी. तिच्या कड्या बर्फात दात रोवतात, जे रबराला कधीच जमत नाही.

टायरबद्दल एक गैरसमज आहे. टायरच्या बाजूवर ‘एम प्लस एस’ लिहिलेलं असलं की तो बर्फाचा टायर, असं दुकानदार सांगतात. ते अक्षर फक्त नक्षीची रचना सांगतं. बर्फात तपासून पास झालेल्या टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण अशी खूण असते. आपल्याकडच्या गाड्यांवर कंपनीचे जे टायर येतात त्यांचं रबर गरम हवेसाठी केलेलं. साधारण ७ अंशांच्या खाली ते कडक होऊ लागतं, आणि जानेवारीत केलाँगला पारा शून्याच्या बराच खाली असतो. ऑल टेरेन टायर चिखलात, भातखाचरात, कासच्या बाजूच्या लाल मातीत झकास चालतो. म्हणून तो गोठलेल्या रस्त्यावरही चालेल असं समजू नका.

हिमाचल आणि लडाखमध्ये नियम म्हणजे त्या दिवशीचा जिल्हा प्रशासनाचा आणि पोलिसांचा आदेश. देशभर लागू असं एकच कोष्टक नाही. बर्फ पडला की मनालीकडून येणाऱ्या गाड्या कधी नेहरूकुंडला, कधी सोलंगला थांबवतात आणि पुढे फक्त फोर बाय फोर किंवा चेन लावलेल्या गाड्या सोडतात. जास्त पडला की कुणालाच नाही. बोगदा ९.०२ किलोमीटरचा आणि ३,००० मीटरहून थोडा उंचावर आहे, पण अडचण त्याची नसते. अडचण असते सोलंग ते बोगद्याचं दक्षिण तोंड या चढाची, आणि पलीकडे सिस्सूकडे जाणाऱ्या रस्त्याची. रोहतांगचा ३,९७८ मीटरचा माथा जानेवारीत बंदच असतो, तो विचार डोक्यातून काढा. लडाखला खारदुंग ला आणि चांग ला, काश्मीरला तंगमर्ग ते गुलमर्ग, इथेही बर्फ पडल्यावर चेनचा आदेश निघतो. सकाळी उघडा असलेला रस्ता दुपारी बंद होतो, म्हणून आदल्या रात्रीची माहिती पुरत नाही. निघताना पुन्हा विचारायचं.

नाक्यावर पोलीस लिव्हर बघतात. २०२३ पासून थार मागच्या चाकांच्या ड्राइव्हमध्येही मिळते, बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. तुमच्या गाडीत ट्रान्स्फर केसचा, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीचा, वेगळा लिव्हर असेल तरच ती फोर बाय फोर. सोबत भाड्याने दुसरी गाडी घेणार असाल तर हे आधी तपासा, अर्ध्या रस्त्यात वाद घालून उपयोग नसतो.

आता खरेदी. चेन टायरच्या मापावर मिळते, गाडीच्या नावावर नाही. टायरच्या बाजूवर तीन आकडे असतात. थारच्या मोठ्या चाकाला २५५/६५ आर १८, जिम्नीला १९५/८० आर १५, फॉर्च्युनरला २६५/६० आर १८. हे तिन्ही आकडे जुळले पाहिजेत. दिसायला शोभतात म्हणून मोठे टायर टाकले असतील तर कंपनीच्या मापाची चेन बसणार नाही. स्टेपनी वेगळ्या मापाची असेल तर तिलाही नाही, आणि पंक्चर नेमकं बर्फातच झालं तर चेनचं चाक गेलं म्हणून समजा.

प्रकार तीन दिसतील. शिडीसारख्या आडव्या कड्यांची चेन स्वस्त असते, सरळ रेषेत पकडते, पण गाडी आडवी घसरू लागली की कमी पडते आणि चालताना गाडी धडधडते. चौकटीच्या, म्हणजे पतंगाच्या आकाराच्या जाळीची चेन टायरला सलग धरून ठेवते आणि आडवं घसरणंही आवरते. फोर बाय फोरला मी हीच घ्यायला सांगेन, पोलादी, जाड कडीची. तिसरा प्रकार म्हणजे प्लास्टिकचे पट्टे, आपण वायर बांधायला टाय वापरतो तसे. सव्वादोन टन गाडीच्या उतारावर त्यांच्या भरवशावर राहू नका. ते फसलेली गाडी चार फूट पुढे काढण्यापुरते आहेत. मनालीत चेन भाड्याने मिळते हे खरं, पण बर्फ पडलेल्या सकाळी सगळ्यांनाच हवी असते आणि तुमचं माप शिल्लक असेलच असं नाही.

कोणत्या चाकांना, या प्रश्नावर सगळ्यांत जास्त वाद होतात, म्हणून जरा खोलात जातो. पहिला शब्द गाडीच्या पुस्तकाचा. पुस्तकात जी चाकं सांगितली आहेत तिथेच, कारण आतल्या बाजूला ब्रेकची नळी, एबीएसची (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेची) वायर आणि सस्पेन्शन यांच्यापासून किती जागा आहे हे कंपनीलाच माहीत असतं. पुस्तक गप्प असेल तर ढोबळ नियम असा. चासीवरची, मुळात मागच्या चाकांवर चालणारी आणि लिव्हरने किंवा बटणाने फोर बाय फोर होणारी गाडी असेल, जसं थार, गुरखा, फॉर्च्युनर, तर मागे. मुळात पुढच्या चाकांवर चालणारी ऑल व्हील ड्राइव्ह कार असेल तर पुढे.

थारला मागे का? फक्त पुढे चेन लावली तर उतारावर ब्रेक दाबताच पुढची चाकं घट्ट पकडतात आणि मागची मोकळी घसरतात. मग गाडीचं शेपूट बाजूने पुढे यायला बघतं आणि गाडी गोल फिरते. दरीच्या रस्त्यावर याहून वाईट काही नाही. फक्त मागे लावली तर वळणावर नाक बाहेर जायला बघतं, स्टिअरिंग जड आणि बधिर वाटतं, पण गाडी सरळ रेषेत राहते आणि हळू चालवली तर आवरता येते. यात आणखी एक गोष्ट थारच्या बाजूने आहे. फोर हाय किंवा फोर लोमध्ये, म्हणजे चारही चाकांच्या साध्या किंवा सावकाश-जोराच्या गिअरमध्ये, ट्रान्स्फर केस पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र बांधतो. इंजिन ब्रेकिंग करताना, म्हणजे ब्रेकऐवजी खालच्या गिअरने गाडी आवरताना, मागच्या चेनची पकड त्या बांधणीतून पुढच्या चाकांपर्यंत पोचते, त्यामुळे पुढची दोन्ही चाकं एकदम अडकून पडत नाहीत. म्हणून उतार फोर लो, पहिला गिअर, पाय ब्रेकवरून जवळजवळ बाजूला, असा उतरायचा. ऑल व्हील ड्राइव्ह कारमध्ये ही पक्की बांधणी नसते, तिथे हा फायदा धरू नका.

पुढेही लावणार असाल तर घरी चाक पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून बघा. चेन चढवल्यावर टायर आणि आतल्या भागांमध्ये सगळीकडे किमान १५ मिलिमीटर, म्हणजे आडवं बोट सहज फिरेल एवढी जागा हवी. कुठे घासत असेल तर पुढे लावू नका.

बसवायची रीत अशी. जागा सपाट आणि रस्त्याच्या बाहेर, चढ सुरू होण्याआधी. फसल्यावर चेन लावायची म्हणजे दुप्पट कष्ट आणि मागून येणाऱ्या गाड्यांचा धोका. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, इंजिन बंद, चारी इंडिकेटर चालू. चेन जमिनीवर पसरून पीळ काढा. कड्यांच्या आकड्यांची तोंडं बाहेरच्या बाजूला, गुळगुळीत बाजू रबराकडे. उलटी बसवली तर आकड्याची टोकं टायर कापतात. आतली केबल चाकाच्या मागून सरकवा, दोन्ही टोकं वर उचलून टायरच्या डोक्यावर जोडा आणि केबल मागे ढकला. मग जाळी टायरच्या नक्षीवर सारखी पसरा, बाहेरचा आकडा लावा, शेवटी ताणाची साखळी ओढून अडकवा.

यात चूक होते ती आतल्या बाजूला. बाहेरून सगळं ताठ दिसतं, आत केबल अर्ध्यावर लोंबत असते. हात आत घालून, केबल टायरच्या कडेवर गोल बसली आहे हे पूर्ण फेरा बोटाने चाचपून बघा. रबराच्या ताणपट्टीवर विसंबू नका. आतली बाजू ढिली असेल तर ताणपट्टी बाहेरच्या साखळीला वाकडं ओढते आणि चेन शंभर मीटरवर उतरून येते. ताणाच्या साखळीचं उरलेलं शेपूट सळ्या बांधायच्या बारीक तारेने किंवा टायने जाळीलाच बांधा. ते सुटं राहिलं तर दर फेऱ्याला मडगार्डवर आपटतं, आणि आतल्या बाजूला असेल तर ब्रेकची नळी फोडतं. टायरची हवा कमी करून चेन चढवायची युक्ती कुणी सांगेल, ती ऐकू नका. नेहमीच्या हवेवर बसवा. ५० ते १०० मीटर हळू चालवा, उतरा, पुन्हा ताणा. पहिल्यांदा घट्ट वाटलेली चेन जागेवर बसल्यावर नेहमी एक-दोन कड्या ढिली होते. दुसरा ताण दिला नाही तर चेन लावलीच नाही असं धरा.

थंडीत बोटं पाच मिनिटांत काम सोडतात. म्हणून रबराचा लेप असलेले जाड हातमोजे, कपाळावरची बॅटरी, पक्कड, तार, फावडं आणि गुडघ्याखाली टाकायला खताचं रिकामं पोतं, हे सगळं चेनच्या पिशवीतच ठेवा, सामानाखाली नाही. घरच्या अंगणात दोन्ही चाकांचा सराव चार-पाच वेळा करा, शेवटचा अंधारात. पंधरा मिनिटांत दोन्ही चाकं झाली की तयार झालात. सरावात गाडी डांबरावर नेऊ नका, अंगणात किंवा ओल्या शेतात दोन-चार मीटर पुरे.

चालवताना वेग ताशी ३० ते ४०, चेनच्या कंपनीने कमी सांगितला असेल तर तो. धक्का देऊन ॲक्सिलरेटर नको. चेन लावलेलं चाक जागेवर फिरलं की ते बर्फ खणून खालच्या दगडापर्यंत जातं आणि कडी तुटते. तुटलेली कडी चाबकासारखी आतून आपटते. ‘टक-टक’ असा एका लयीत आवाज आला की लगेच थांबा. समोरच्या गाडीपासून अंतर ठेवा, आणि चढावर पुढची गाडी वर पोचल्याशिवाय आपली सुरू करू नका.

अटल बोगद्याचं वेगळं सांगायला हवं. आत ९ किलोमीटर रस्ता कोरडा. कोरड्या रस्त्यावर चेन झपाट्याने झिजते, टायर खाते, आणि फोर हाय लावून कोरड्यावर वळलं तर ट्रान्स्फर केसवर ताण येतो, स्टिअरिंग अडखळतं. बोगद्यात थांबायला परवानगी नाही. त्यामुळे तोंडाआधी पोलीस दाखवतील त्या मोकळ्या जागी चेन काढायची, टू हाय (ताकद फक्त मागच्या चाकांना) करायचं, आणि पलीकडे बाहेर आल्यावर रस्ता बघून पुन्हा लावायची. कंटाळवाणं आहे, हातही गारठतात, तरी करायचं. बोगद्यात तुटलेली चेन घेऊन उभं राहण्यापेक्षा हे बरं.

रात्री गाडी उभी करताना हँडब्रेक लावू नका, ओल गोठून तो सकाळी सुटत नाही. पहिला गिअर, आणि चाकाच्या उताराकडच्या बाजूला दगड. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं असल्याची खात्री इथेच गॅरेजमध्ये करून घ्या. डिझेल इथून टाकी भरून नेलेलं तिकडे कडाक्यात घट्ट होऊ शकतं, म्हणून मनालीपर्यंत टाकी उतरू द्या आणि तिथलं भरा.

आता मुलीचं. कॅलिफोर्नियात नियम लिखित आणि तीन पायऱ्यांचे आहेत, रस्त्यावर फलक लागतात. ‘आर वन’ असेल तर ऑल व्हील ड्राइव्ह गाडीला चेन लावायची सक्ती नाही. ‘आर टू’ला सगळ्या गाड्यांना चेन, फक्त चारही चाकांना बर्फाच्या नक्षीचे टायर असलेल्या फोर व्हील आणि ऑल व्हील ड्राइव्ह गाड्यांना सूट, पण चेन गाडीत असलीच पाहिजे. लोक इथे चुकतात. सूट लावण्यापासून आहे, बाळगण्यापासून नाही. ‘आर थ्री’ला कुणालाच सूट नाही, आणि बहुतेक वेळा त्याआधी रस्ताच बंद करतात. चेनच्या भागात वेगमर्यादा ताशी २५ किंवा ३० मैल, म्हणजे ४० ते ४८ किलोमीटर. सॅक्रामेंटोकडून टाहोला जाताना आय-८० महामार्गावर डॉनर समिट आणि यूएस-५० महामार्गावर एको समिट हे घाटमाथे लागतात, दोन्ही ७,००० फुटांच्या वर, आणि हे फलक तिथेच लागतात. टायरच्या नक्षीची खोली किमान ६/३२ इंच, म्हणजे पावणेपाच मिलिमीटरच्या आसपास हवी. गाडी भाड्याची असेल तर करार वाचायला सांगा, बऱ्याच भाड्याच्या करारांत चेन लावायला मनाई असते. तिच्या गाडीच्या पुस्तकात जागा कमी असल्याने बारीक केबलची चेनच चालेल असं लिहिलेलं असू शकतं. मग जाड पोलादी चेन तिने घेऊ नये.

राज्य बदललं की नियम बदलतो. वॉशिंग्टनमध्ये नेहमीच्या चेनच्या आदेशातून फोर व्हील ड्राइव्हला सूट असते, तरी चेन सोबत हवी, आणि ‘सर्व वाहनांना’ असा फलक लागला की सूट संपते. कोलोराडोत पहिल्या पायरीवर पुरेशी नक्षी असलेली फोर व्हील ड्राइव्ह चालते, दुसऱ्या पायरीवर प्रत्येक गाडीला चेन किंवा मान्य पर्याय लावावाच लागतो. तिने सीमा ओलांडायची असेल तर त्या राज्याच्या रस्ते खात्याचं पान त्याच सकाळी बघावं.

परत आल्यावर चेन तशीच पिशवीत बांधून ठेवू नका. तिकडे रस्त्यावर खडी आणि मीठ टाकतात, ओली चेन एका पावसाळ्यात गंजून आखडते. गोड्या पाण्याने धुवा, उन्हात वाळवा, प्रत्येक आडवी कडी बघा. अर्ध्याहून जास्त झिजलेली कडी बदला. मग ऑइलच्या फडक्याने पुसा आणि खुंटीला लांब टांगा, म्हणजे पुढच्या वेळी पीळ काढावा लागणार नाही.